ओल मोजायला शिकताना

गोव्यात घरात पाणी शिरलं की लोक आधी वायपर काढतात, मग पंखे लावतात, दारं-खिडक्या सताड उघडतात आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली असेल तर पेंटरला फोन करतात. पेंटर येतो, पुट्टी भरतो, रंग मारतो. पुढच्या पावसाळ्यात तोच रंग पापुद्रे धरून खाली येतो. या सगळ्यात भिंत वाळवणं हे काम नेमकं कुणाचं, ते कधी ठरलेलंच नाही. गवंडी म्हणतो प्लंबरचं, प्लंबर म्हणतो वॉटरप्रूफिंगवाल्याचं, आणि वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो आधी भिंत सुकू दे, मग मी येतो.

मी फोंड्याचा. आयटीआयला रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड केला आणि तेव्हापासून एसीचंच काम. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यातली हॉटेलं ही माझी मुख्य गिऱ्हाइकं. तिथून 'एसीतून पाणी गळतंय' असा फोन आला की शिडी घेऊन जायचं, आणि बऱ्याचदा एसी ठणठणीत असायचा. पाणी वरच्या खोलीतल्या गीझरच्या कनेक्शनमधून, नाहीतर गच्चीच्या कोब्यातून यायचं. जिप्समच्या सीलिंगवर काळे ठिपके, गालिच्याला कुबट वास, वॉर्डरोबचा एमडीएफ खालून फुगून आलेला. मी ड्रेन पाइप साफ करून बिल द्यायचो. खोली तशीच राहायची.

मग एका हॉटेलच्या वार्षिक देखभालीच्या कंत्राटात एक नवी ओळ आली: पाण्याने नुकसान झालेल्या खोल्यांच्या कामासाठी आयआयसीआरसी प्रमाणित तंत्रज्ञ हवा. परचेसवाल्या मुलाला विचारलं, हे काय असतं? तो म्हणाला, "हेड ऑफिसने टाकलंय, तुमच्याकडे असेल तर जोडा." माझ्याकडे नव्हतं. त्याच्या माहितीतल्या कुणाकडेच नव्हतं. त्या रात्री मी फोनवर शोधत बसलो.

आयआयसीआरसी ही अमेरिकेतली संस्था १९७२ ची. सुरुवात गालिचे आणि सोफे धुणाऱ्यांच्या प्रमाणपत्रापासून झाली, मग आग, पाणी, बुरशी असं वाढत गेलं. पाण्याच्या कामाचं तिचं मानक म्हणजे एस-५००. पहिली आवृत्ती १९९४ ची, मी शिकलो ती २०२१ ची पाचवी. संस्था स्वतः शिकवत नाही. तिने मान्य केलेल्या शाळा आणि प्रशिक्षक शिकवतात, परीक्षा मात्र संस्थेची. म्हणून फी दोन ठिकाणी भरायची, दोन्ही डॉलरमध्ये. घरी मी आकडा डॉलरमध्येच सांगितला, ऐकायला लहान वाटतो.

पहिली पायरी डब्ल्यूआरटी, म्हणजे वॉटर डॅमेज रिस्टोरेशन टेक्निशियन. पुढचे कोर्स, म्हणजे इमारतीची रचना वाळवण्याचा एएसडी आणि बुरशीचा एएमआरटी, दोन्हींना आधी हाच लागतो. डब्ल्यूआरटीचा वर्ग तीन दिवसांचा, आणि तो ऑनलाइन थेट करता येतो. मी निवडलेली शाळा अमेरिकेच्या मध्य भागातली. तिथले सकाळचे आठ म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा, आणि वर्ग सुटायचा तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती. एप्रिलचा उकाडा, त्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप एवढंच चालायचं, पंखा नाही. वर्गात बहुतेक अमेरिकन पोरं, अंगावर कंपनीचे टीशर्ट, एकजण तर व्हॅनमध्ये बसून. इंग्रजीची भीती होती ती पहिल्या तासात गेली, कारण शिकवणारा माणूस हाताने काम केलेला होता आणि तशीच भाषा बोलायचा.

सुरुवात पाण्याच्या वर्गवारीने. वर्ग १ म्हणजे नळाचं, स्वच्छ स्रोताचं पाणी. वर्ग २ म्हणजे वॉशिंग मशीनमधून बाहेर पडतं तसलं, पोटात गेलं तर माणूस आजारी पडेल असं. वर्ग ३ म्हणजे सांडपाणी, नदीचा पूर, समुद्राचं पाणी. पाणी दिसायला कसं आहे याला किंमत नाही, ते कुठून आलं आणि वाटेत कशाला लागलं ते बघायचं. शिवाय वर्ग उतरत जातो. नळाचं पाणी उबदार खोलीत गालिच्याखाली पडून राहिलं की ते वर्ग १ चं राहत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर खोली कायमच उबदार, म्हणजे हे घड्याळ इथे जोरात पळतं. बुरशीबद्दल चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळवा असं सांगतात. गोव्यात त्यातल्या पहिल्या आकड्यावरच नजर ठेवावी, असं माझं मत.

दुसरी वर्गवारी ओलीच्या प्रमाणाची, तिला क्लास म्हणतात. यात पाण्याची घाण बघायची नाही, बाष्प किती निघणार ते बघायचं. जमीन, भिंती आणि छत यांच्या एकूण पृष्ठभागापैकी पाणी शोषणारा ओला भाग पाच टक्क्यांहून कमी असेल तर क्लास १, पाच ते चाळीस टक्के असेल तर २, चाळीसच्या वर ३. क्लास ४ वेगळाच. पाणी अशा वस्तूत जाऊन बसलंय की ती सहज सोडत नाही: काँक्रीट, वीट, दगड, गिलावा, जाड लाकूड. पुस्तकात क्लास ४ म्हणजे अपवाद. मी माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघितलं.

चॅटमध्ये प्रश्न टाकला: चांगली फूटभर जाडीची जांभ्या दगडाची भिंत, जोडणी मातीच्या चिखलाची, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर ऑइल पेंट, हिला कुठे बसवायचं? मास्तरांनी प्रश्न मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि भिंत दाखव म्हणाले. मी लॅपटॉप उचलून फिरवला. "क्लास ४," ते म्हणाले, "आणि घाई करू नकोस." मग त्यांनी जे सांगितलं ते मला अख्ख्या कोर्समध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. त्याच घरात तशाच बांधणीची, पाणी न लागलेली भिंत शोध, तिचं ओलीचं रीडिंग घे. ओली भिंत त्या आकड्याजवळ आली की थांब. पुस्तकातला आकडा शोधू नकोस. याला ते ड्राय स्टँडर्ड म्हणतात. गोव्यात पावसाळ्यात कोरडी भिंतसुद्धा कोरडी नसते, त्यामुळे परक्या देशातला आकडा इथे गाठायला गेलात तर हवा वाळवायचं मशीन दिवाळीपर्यंत चालवावं लागेल.

दुसऱ्या रात्री हवेचा हिशेब आला आणि वर्गातले निम्मे चेहरे पडले. मी मात्र सरसावून बसलो. एसीवाल्याचं अर्धं आयुष्य दवबिंदूवर चालतं, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं त्यावर. फक्त तो आकडा कॉइलवर वापरतो, भिंतीवर वापरायचं कुणी सांगितलेलं नसतं. सापेक्ष आर्द्रता ही फसवी गोष्ट आहे. तापमान बदललं की पाण्याचा एक थेंबही न हलवता ती बदलते. खरं मोजायचं ते किलोभर हवेत बाष्प किती ग्रॅम. अमेरिकन लोक ते पाउंडमागे ग्रेनमध्ये मोजतात, ७००० ग्रेनचा एक पाउंड. किलोमागच्या ग्रॅमला सातने गुणलं की त्यांचा आकडा येतो. त्यांच्या पुस्तकातली साधी खोली सत्तर फॅरनहाइट आणि पन्नास टक्के, म्हणजे सुमारे ५५ ग्रेन. मी आमचा जुलै मांडला: तीस अंश सेल्सिअस, ८५ टक्के. किलोमागे २३ ग्रॅम. ग्रेनमध्ये १६० च्या वर. दवबिंदू सत्तावीस अंश.

हा सत्तावीसचा आकडा नीट बघा. हॉटेलच्या खोलीत एसी अठरावर लावून पाहुणा बाल्कनीचं दार उघडं टाकून समुद्र बघत बसतो. खोलीतल्या भिंती आणि सीलिंग बावीस-तेवीसला आलेले असतात. बाहेरची हवा आत आली की तिच्यातलं पाणी थेट त्या पृष्ठभागांवर जमतं. ना पाइप फुटला, ना गच्ची गळली, तरी सीलिंग ओलं. वर्षानुवर्षं ज्या खोल्यांमध्ये मला 'तुमचा एसी गळतो' म्हणून ऐकवलं गेलं, त्यातल्या कित्येक खोल्यांचं उत्तर त्या एका ओळीत होतं.

खिडक्या उघडण्याचंही तेच. तीनशे चौरस फुटांची, दहा फूट उंचीची खोली धरली तर तिच्यात साधारण ९८ किलो हवा मावते. मशीन लावून आतली हवा किलोमागे ९ ग्रॅमवर आणली आणि मग कुणीतरी मायेने 'जरा वारा लागू दे' म्हणून खिडकी उघडली, तर खोलीतली हवा एकदा बदलताच सुमारे १.४ लिटर पाणी वाफ होऊन आत येतं. पावसाळी दिवसात मोठं दार उघडं असलं तर हवा तासात कितीतरी वेळा बदलते. उलट जानेवारीतल्या दुपारी, बत्तीस अंश आणि पन्नास टक्के असताना, बाहेरची हवा १५ ग्रॅमची असते. तेव्हा ओल्या खोलीच्या खिडक्या खुशाल उघडाव्यात, वीजबिल वाचतं. उघडावं की बंद ठेवावं हे सवयीने ठरवायचं नाही, आत-बाहेर मोजून ठरवायचं. तापमान आणि आर्द्रता दाखवणाऱ्या साध्या थर्मो-हायग्रोमीटरवरही एवढं कळतं, फक्त तो बाहेर धरून मग आत धरायचे कष्ट घ्यावे लागतात.

बाकीचा अभ्यास सरळ होता. आधी वीज बंद, मग माणसं सुरक्षित, मग पाण्याचा स्रोत बंद. साचलेलं पाणी आधी व्हॅक्युमने ओढून काढायचं, कारण जे उपसता येतं त्याची वाफ करत बसणं हा वेळेचा आणि विजेचा नाश. त्यानंतर एअर मूव्हर, म्हणजे जमिनीला लागून वारा फेकणारे ब्लोअर: प्रत्येक ओल्या खोलीत एक, आणि वर दर पन्नास ते सत्तर चौरस फूट ओल्या जमिनीमागे एक. त्या वाऱ्याने निघालेलं बाष्प उचलायला डीह्युमिडिफायर. ब्लोअर लावले आणि डीह्युमिडिफायर नसला तर पाणी गालिच्यातून निघून सीलिंगमध्ये जातं, एवढंच होतं. थर्मल कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. गार डाग दिसला की तिथे मीटर टेकवून खात्री करायची. आणि रोज, त्याच जागी, त्याच मीटरने रीडिंग घेऊन लिहायचं. लिहिण्यावर मास्तरांचा इतका भर की आमच्यातला व्हॅनमधला गडी म्हणाला, हा वाळवण्याचा कोर्स आहे की कारकुनाचा?

परीक्षा बहुपर्यायी. प्रश्न अवघड नव्हते, आडवे होते. दोन पर्याय बरोबर वाटतात आणि मानकात 'करावेच' म्हटलंय की 'करावे' एवढ्यावर उत्तर ठरतं. पास झालो, नंबर मिळाला, कार्ड मिळालं.

अमेरिकेतल्या काही शाळांकडे 'फ्लड हाउस' असतं. शिकवण्यासाठी बांधलेलं घर मुद्दाम पाण्याने भरायचं आणि विद्यार्थ्यांनी ते वाळवायचं. मला ते मिळालं नव्हतं, म्हणून मी वर्कशॉपच्या मागे आपला सराव सुरू केला. एक चिरा आणला. जांभ्या चिऱ्याचं भारतीय मानक आयएस ३६२० पाणी शोषणाची मर्यादा वजनाच्या बारा टक्क्यांवर ठेवतं, म्हणजे पंचवीस किलोच्या चिऱ्यात तीन लिटरपर्यंत पाणी. शंभर चिऱ्यांच्या भिंतीत तीनशे लिटर, आणि बाहेरून बघाल तर नुसती गडद झालेली. चिरा टाकीत बुडवला तेव्हा त्याच्या भोकांतून बुडबुड्यांच्या माळा कितीतरी वेळ येत राहिल्या. बाहेर काढून धान्याच्या दुकानात असतो तसल्या काट्यावर ठेवला, ब्लोअर लावला, आणि रोज वजन खडूने त्याच्याच अंगावर लिहीत गेलो. वरचा पृष्ठभाग पहिल्याच दिवशी फिका पडला, हाताला कोरडा लागायला लागला. वजन मात्र अजून वरच होतं. मग ते इतकं हळूहळू उतरायला लागलं की काट्याच्या काड्या मोजाव्या लागल्या. माझ्याकडच्या पोराने बघितलं आणि म्हणाला, "दादा, हो सुको दिसता, पूण ना." कुठल्याही पुस्तकाने क्लास ४ इतका चांगला सांगितला नव्हता.

पिना टेकवून ओल मोजणारा मीटर चिऱ्यावर कसा वागतो तेही तिथेच कळलं. तो मीटर लाकडासाठी बेतलेला असतो, त्यामुळे दगडावर त्याचा आकडा म्हणजे टक्के नव्हेत, फक्त तुलना. शिवाय तो विजेचा विरोध मोजतो, आणि भिंतीत खार असेल तर विरोध कमी होऊन कोरडी भिंतही ओली दाखवतो. मिरामार किंवा बायण्याच्या किनाऱ्यालगतच्या भिंतींवर हे हटकून होतं. काँक्रीटच्या जमिनीसाठी एक पद्धत आहे: जाडीच्या चाळीस टक्के खोल भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब बसवायचा आणि भोक बंद करून थांबायचं. जाड भिंतीत मी तीच वापरतो. मानकात चिऱ्यासाठी ती लिहिलेली नाही, पण वरवरच्या पिनेपेक्षा ती खरं बोलते.

यंत्रांची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. अमेरिकन कंपन्यांची एलजीआर मशीनं, म्हणजे कोरड्या होत आलेल्या हवेतूनही पाणी ओढणारे डीह्युमिडिफायर, ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतात. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरतं, हर्ट्झ बदलत नाही, आणि कॉम्प्रेसरला ते सोसत नाही. २३०-५० चं मॉडेलच मागवायचं. आणि कॅटलॉगमधला 'दिवसाला अमुक लिटर' हा आकडा कुठल्या हवेतला ते विचारायचं. तीस अंश आणि ऐंशी टक्क्यांना मोजलेला आकडा मोठा दिसतो. सव्वीस-सत्तावीस अंश आणि साठ टक्क्यांचा, ज्याला आहॅम रेटिंग म्हणतात, तो कामाचा. मशीनने हवा कोरडी करत आणली की त्याची ओढ कमी होत जाते, आणि आपल्याला गरज असते ती नेमकी शेवटच्या टप्प्यात.

हॉटेलच्या खोलीत हे सगळं पुस्तकासारखं चालतं. गीझरचा जोडपाइप रात्री सुटला, खालच्या खोलीचं जिप्सम सीलिंग आणि गालिचा भिजला, असं एक काम कार्ड मिळाल्यावर लगेचच आलं. नळाचं पाणी, वेळेत कळलेलं. गालिचा उचलून खालचं फोमचं अस्तर काढून टाकलं, सीलिंगला खालून भोकं पाडून साचलेलं पाणी बादलीत घेतलं, ब्लोअर आणि डीह्युमिडिफायर लावून दार बंद केलं. बाहेर पाटी लावली: दार उघडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर आतली हवा जवळजवळ बाहेरच्यासारखी. हाऊसकीपिंगच्या बाईंनी खोलीला वास येतो म्हणून बाल्कनी उघडून ठेवली होती. पाटी दारावर होती, बाल्कनीवर नव्हती, आणि बाई सांगत होत्या तेही खरं होतं, वास येतच होता. मी त्यांना हायग्रोमीटर हातात दिला, बाल्कनीत उभं केलं, मग खोलीत. दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखाच, हे त्यांनी स्वतः बघितलं. तेव्हापासून त्या हॉटेलात मला काही सांगावं लागत नाही, त्याच बाकीच्यांना दटावतात.

जुन्या घरात मात्र पुस्तक उंबऱ्यावर ठेवून आत जावं लागतं. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली भागात किती मातीची घरं बसली ते सगळ्यांना आठवतंय. पाणी चढत असताना उभ्या राहिलेल्या भिंती ते ओसरल्यावर आतल्या ओलीच्या भाराने खचतात, त्यामुळे अशा घरात वाळवणं ही पहिली गोष्ट नसतेच. भिंतीला टेकू द्यायचा की माणसांना बाहेर काढायचं, हे आधी गवंड्याने नाहीतर इंजिनिअरने बघायचं. त्या पुरानंतरच्या एका पावसाळ्यात सत्तरीतल्या एका घरी मला बोलावलं. नदीचं पाणी गुडघ्याएवढं आत येऊन गेलेलं. घरातल्या आजी बलकांवात (दारापुढच्या ओट्यावर) बसून माझ्या मशीनकडे संशयाने बघत होत्या. "उदक देंवलें न्हय, आतां सुकतलें आपसूक." पाणी उतरलं ना, आता सुकेल आपोआप.

नदीचं पाणी म्हणजे वर्ग ३, त्यात वाद नाही. गमबूट, हातमोजे, मास्क घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. पावसाळ्यात इथे लेप्टो असतो, आणि उंदराचं मूत पुराच्या पाण्यात मिसळतं हे सांगायला कुठला कोर्स लागत नाही. मानक म्हणतं, वर्ग ३ चं पाणी प्यालेल्या गाद्या, उशा, फोम, प्लायचे फुगलेले पत्रे फेकून द्या. वर्गात हे एका स्लाइडमध्ये उरकलं होतं. आजींच्या घरात त्याला अख्खी सकाळ गेली. कापसाच्या गाद्या लेकीच्या लग्नात भरून घेतलेल्या. मी त्यांना वर्गवारी सांगितली नाही. गादीचं एक टोक कापून आतला काळा कापूस हातमोज्यात धरून दाखवला. त्यांनी वास घेतला, तोंड वळवलं, आणि सुनेला म्हणाल्या, "व्हर गो ती," घेऊन जा गं ती. फणसाच्या लाकडाचं कपाट मात्र राहिलं. धुऊन, खरवडून, सावलीत सावकाश वाळवलं. उन्हात ठेवलं असतं तर फाटलं असतं.

भिंतींना ब्लीचिंग पावडर आधीच फासून ठेवली होती, तीही चिखलावरच. क्लोरीन घाणीवर खर्ची पडतं, म्हणून आधी चिखल खरवडून साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि मग जंतुनाशक. चुन्याच्या गिलाव्यासारख्या सच्छिद्र भिंतीत मुरलेल्या बुरशीवर ब्लीच मारून वरचा काळा रंग तेवढा जातो. ते सगळं पुन्हा केलं. मग खरी अडचण आली: घर बंद कसं करायचं? कौलारू घर, भिंत आणि वासे यांच्यात हातभर फट, मधे सीलिंग नाही. डीह्युमिडिफायर लावला असता तर आख्खा सत्तरी तालुका वाळवत बसलो असतो. म्हणून खोलीत भिंतीला धरून जाड प्लास्टिकचा तंबू उभारला, बांबू आणि चिकटपट्टी लावून, आणि तेवढीच हवा वाळवली. ऑइल पेंट गुडघ्याच्या वर हातभर खरवडून काढला, कारण रंगाच्या आत कोंडलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. आजींना ते मुळीच आवडलं नाही. भिंत 'नागडी' केली म्हणाल्या.

अशी भिंत जोरात वाळवायचीही नाही. पाणी बाहेर येताना बरोबर खार घेऊन येतं, आणि पृष्ठभाग फार लवकर सुकला तर तो खार गिलाव्याच्या आतच फुलून गिलावा उडवतो. लोणा लागलेल्या भिंतीला आपण पावसाला दोष देतो, पण कधी कधी तो पंख्याचा उद्योग असतो. तंबूत आर्द्रता साठच्या आसपास ठेवली, वारा मंद ठेवला. घरची मंडळी वीजबिलाची विचारणा करत होती, म्हणून मशीनचा वेगळा मीटर लावून दिला. माजघरातली आतली भिंत कोरडी होती, तिचं रीडिंग माझं लक्ष्य. काही भिंती त्याच्या जवळ आल्या तेव्हा तंबू काढला. उरलेल्या दोन, ज्यांना मागून माती लागून होती, त्या मशीनने होणाऱ्या नव्हत्याच. त्यांना दिवाळीनंतरचा वारा आणि मागे खणलेला चर एवढंच औषध, आणि तसं मी लिहून दिलं. नवीन रंग फेब्रुवारीच्या आत नको, आणि मारला तर चुन्याचा, प्लास्टिक इमल्शन नाही.

हे लिहून देणंच पुढे पैसे देऊन गेलं, निदान गिऱ्हाइकाला. १ एप्रिल २०२१ पासून घराच्या विम्याला भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात पूर आहे, टाकी-पाइप फुटून झालेलं नुकसानही आहे. पण सर्व्हेअर आला की त्याला अचानक आलेलं पाणी आणि वर्षानुवर्षांची झिरप यांत फरक करायचा असतो, आणि रंगवून बसलेल्या भिंतीकडे बघून तो करता येत नाही. म्हापशातल्या एका फ्लॅटच्या कामात माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून रोजची रीडिंगं, नकाशावर खुणा, फोटो आणि आत-बाहेरची हवा होती. आकडे रोज उतरत गेलेले. सर्व्हेअरने वही पानापानाने बघितली, झेरॉक्स मागितली. व्हॅनमधल्या त्या अमेरिकन गड्याला हे कळवावंसं वाटलं होतं.

आता कार्डाच्या किमतीबद्दल. भारतात हे काम करायला कुठलाही परवाना लागत नाही. उद्या कुणीही ब्लोअर घेऊन सुरू करू शकतो, आणि करतात. एस-५०० हा कायदा नाही, तिथेही नाही, इथे तर नाहीच. कार्ड जिवंत ठेवायला दरवर्षी फी आणि चार वर्षांत चौदा तासांचं पुढचं शिक्षण लागतं. गोव्यात ते कार्ड मागणारे म्हणजे मोठी हॉटेलं आणि एखादा जाणता सर्व्हेअर. घरगुती गिऱ्हाईक विचारतं ते एवढंच, किती दिवसांत होईल आणि चवथीआधी होईल का. चवथीआधी होणार नसेल तर मी नाही म्हणून सांगतो. त्यातली काही कामं जातात, पेंटरकडे.

एसीच्या लाइनमधली पोरं आता विचारायला येतात. त्यांना सांगतो, कोर्स जमेल तेव्हा करा, पण त्याआधी चांगला मीटर घ्या आणि स्वतःच्या घराच्या भिंती वर्षभर दर महिन्याला मोजून ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या भिंतीचे आकडे कुठे छापलेले नाहीत. डीह्युमिडिफायर मुंबईहून भाड्याने येतो. मी स्वतः आता एएमआरटी बघतोय, एएसडीच्या आधी, कारण इथे फोन वाळवण्यापेक्षा बुरशीचे जास्त येतात. वर्ग पुन्हा रात्रीचाच असेल, म्हणून चवथ आटोपल्यावरची तारीख शोधतोय.